मातीची गढी किती वर्षं उभी राहते?

पंचवीस-तीस फूट उंचीचा, पायथ्याशी रुंद आणि वर निमुळता होत गेलेला मातीचा बुरूज. आत सिमेंट नाही, लोखंडाची सळई नाही, कित्येक ठिकाणी चुनासुद्धा नाही. खाली दगडाचे चार-सहा थर, त्यावर नुसती माती, तिच्यात मिसळलेलं भूस आणि बाहेरून कधीकाळी दिलेला गिलावा. एवढ्या भांडवलावर तो दोनशे-अडीचशे पावसाळे अंगावर घेऊन उभा असतो. मराठवाड्यात अशा बुरुजांसमोरून आपण एसटीने रोज जातो आणि मान वळवून पाहतही नाही. पण एकदा थांबून विचारावं, हा उभा आहे तो कशाच्या जोरावर?

उत्तर ऐकून माणूस चकित होतो. पाण्याच्या जोरावर.

लहान मुलं ओल्या वाळूत पाय घालून वरून वाळू थोपटतात आणि पाय अलगद काढून घेतात. मागे खोपा उरतो. कोरड्या वाळूचा खोपा होत नाही, पाण्याने भरलेल्या वाळूचाही होत नाही. किंचित ओल असेल तरच होतो, कारण दोन कणांच्या मधे पाण्याचा एक सूक्ष्म पूल तयार होतो आणि तो दोन्ही कणांना आपल्याकडे ओढून धरतो. कण जितका बारीक तितकी ही ओढ जबर. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून लहान असतो. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे तीसेक कण सहज मावतील. वरवर खडखडीत वाळलेल्या भिंतीतही हवेतल्या दमटपणातून आलेली टक्का-दोन टक्के ओल कायम राहते. तेवढी ओल त्या अब्जावधी कणांना घट्ट धरून ठेवते. भट्टीत भाजलेली वीट परत भिजवून माती करता येत नाही, कारण भाजताना तिच्यातली चिकणमाती कायमची बदलून जाते. कच्ची माती मात्र कधीही परत भिजवता येते, मळता येते, पुन्हा भिंतीत घालता येते. शंभर वर्षांपूर्वीची पडलेली भिंत ही नव्या भिंतीचा कच्चा माल असते.

हीच ओल वाढली की कण एकमेकांना सोडतात आणि भिंत चिखल होते. पाण्याने बांधलेली वास्तू पाण्यानेच विरघळते. वाड्यांच्या आणि गढ्यांच्या जगण्या-मरण्याची सगळी गोष्ट या एका अटीभोवती फिरते.

अशा गढ्यांचा मुलूख पाहायचा तर एक गाव घेऊ, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. बालाघाटच्या पठारावर आहे आणि मांजरा नदीचा टापू जवळच आहे. या नदीवरचं मोठं धरण याच तालुक्यात धनेगावला आहे. केज, धारूर, अंबाजोगाई, पलीकडे कळंब, या सगळ्या पट्ट्यात गावाच्या उंचवट्यावर पडकी गढी किंवा देशमुखी-पाटलांचा ढासळत चाललेला वाडा असणं ही इतकी नित्याची गोष्ट आहे की तिच्याबद्दल कुणाला काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. इतक्या लहान लहान गावांना इतक्या भक्कम भिंती लागल्या, याचंच मला आधी नवल वाटतं.

त्या लागल्या, कारण हा मुलूख शतकभर दोन सत्तांच्या सरहद्दीवर होता. निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथाई-सरदेशमुखी, दोन्ही एकाच गावाच्या डोक्यावर. १७६३ साली पेशवे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली ती गोदाकाठी राक्षसभुवनला, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्यातच. १७९५ ची खर्ड्याची लढाई जिल्ह्याच्या वेशीला लागून झाली. मोठी फौज येऊन जाते, पण तिच्या मागून येणारे लुटारू, पेंढारी, रिकाम्या पोटाचे शिपाई यांच्यापासून गावाला स्वतःच सांभाळावं लागे. धारूरसारखा किल्ला प्रत्येक गावाच्या वाट्याला कुठून येणार? मग गावचा देशमुख, पाटील किंवा जहागीरदार गढी बांधे. धाड आली की बायका-मुलं, गुरंढोरं, धान्य, वसुलीचे कागद सगळं आत. तोफखान्यापुढे ती टिकत नसे आणि तेवढी अपेक्षाही नव्हती. दोन-तीन दिवस दम धरायचा, लुटणारा कंटाळून पुढे जातो, एवढा हिशेब पुरे होता. मातीची जाड भिंत गोळी गिळून टाकते, दगडासारखी तिची कपची उडत नाही, हाही एक फायदा.

आत शिरताना वाट वळवलेली असते. मोठ्या दरवाजाला धरून एक छोटा दिंडी दरवाजा असतो, त्यातून माणसाला वाकूनच जावं लागतं. आत आडणा सरकवायला भिंतीत खोल भोक असतं. मग देवडी, ढेलज, चौक, चौकाभोवती ओसरी. घराचं माप चौरस फुटात सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. अमक्याचा वाडा अमुक खणांचा म्हटलं की ऐकणाऱ्याला लाकूड किती लागलं असेल, घरात माणसं किती असतील आणि घराण्याची ऐपत काय, हे सगळं एका शब्दात कळे.

या भिंतींची जाडी निव्वळ बचावासाठी नव्हती. मे महिन्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. एक फूट जाडीची मातीची भिंत बाहेरून आत पार करायला उष्णतेला आठ-दहा तास लागतात. दुपारी दोनची झळ आतल्या पृष्ठभागावर पोचेपर्यंत मध्यरात्र होते आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. भिंत तीन फुटांची असेल तर दिवस-रात्रीचा चढउतार तिच्या पोटातच विरून जातो. वाड्यातल्या मधल्या खोलीत उन्हाळ्यात लागणारा गारवा असा मिळतो, विजेच्या एका युनिटाशिवाय. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, ठेवलेल्या सवण्यातून (झरोक्यातून) उजेड खाली येतो आणि चुलीचा धूर, गरम हवा वर निघून जाते.

धान्याची सोय तर थक्क करणारी. बळद म्हणजे वाड्यात बांधून काढलेली धान्याची बंदिस्त कोठी, आणि पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद खोल खड्ड्याची कणगी. पेवात ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की आतलं धान्य श्वास घेत राहतं. हो, ज्वारीचा दाणा जिवंत असतो आणि तो श्वास घेतो. आतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध नाही, फवारणी नाही. आज धान्य साठवण्याच्या शास्त्रात हवाबंद साठवण म्हणून जी पद्धत शिकवतात तिचं मर्म हेच. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद याच रीतीने पेवांत साठवत. म्हणूनच पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर माणूसही विझेल हे ठाऊक होतं. उघड्या पेवात घाईने उतरून माणसं दगावल्याचे प्रसंग अनेक आहेत.

आता माळवद. गढीचा जीव माळवदात असतो, असं मी ठामपणे म्हणेन. सागवानी खांबांवर तुळया, त्यांच्यावर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. या मातीसाठी शेतातली काळी चालत नाही. काळी पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसून हातभर भेगा पडतात. माळवदावर जाते ती पांढरी, म्हणजे गावठाणातली, पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंती यांची मिळून झालेली माती. ती फार फुगत नाही आणि चोपली की दाट बसते. तिच्यातली खारट जात तर त्याहून उपयोगी. तिच्यातल्या क्षारांमुळे मातीचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाटच बंद करतात. शेतकऱ्याला नकोशी वाटणारी नापीक खारी माती छपरावर नेऊन सोन्याच्या कामी लावली आहे.

बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या माळवदावर म्हणजे वर्षभरात साठ हजार लिटरहून जास्त पाणी कोसळतं आणि ते सगळं मातीच्या छपरावरून पन्हाळीने बाहेर न्यायचं असतं. हे जमे, कारण दरवर्षी मृग लागायच्या आधी घरातलं कुणीतरी वर चढे. गवत उपटून काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, भेगा भरायच्या, नवी पांढरी पसरायची, पाणी शिंपून धुम्मसाने चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दोन-चार दिवसांचं काम. पैसा जवळपास शून्य.

आफ्रिकेतल्या माली देशात जेने नावाचं गाव आहे. तिथली मशीद मातीची आहे आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मातीच्या इमारतींत तिची गणना होते. आजची वास्तू १९०७ सालची. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडाचे दांडे जागोजागी बाहेर काढून ठेवलेले आहेत. दरवर्षी सगळं गाव जमतं, पोरं त्या दांडक्यांवर चढतात, बाया पाणी आणतात, आणि एका दिवसात अख्खी मशीद नव्या मातीने लिंपून निघते. तो गावाचा सणच असतो. युनेस्कोने १९८८ साली जेने जागतिक वारशात घेतलं. येमेनमधल्या शिबाममध्ये तर कच्च्या विटांचे पाच-सात मजली, काही त्याहूनही उंच वाडे दाटीवाटीने उभे आहेत आणि लोक त्यांत राहतात. तेही १९८२ पासून जागतिक वारसा. मृगाआधी माळवद चोपणारा केज तालुक्यातला माणूस आणि जेनेतला गवंडी एकच विद्या जाणत होते. तिकडे तिचा सण झाला, आपल्याकडे ती गरिबीची खूण ठरली.

पण इथे थांबून एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना मराठवाड्यातल्याच किल्लारीची जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. मेले मात्र आठ ते दहा हजार. माणसं मेली ती दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली. भिंती दोन पदरी होत्या. बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि कपच्यांची भर. दोन पदरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसताच दोन्ही पदर फाकले. आणि वर छप्पर किती जड होतं? दरवर्षी नवी पांढरी टाकताना जुनी काढायची असते, ती काढली गेली नाही. थरावर थर चढत गेले. काही घरांवर दोन-अडीच फूट माती होती. शंभर चौरस मीटरवर एक फूट माती धरली तरी पन्नास टनांच्या घरात वजन भरतं.

म्हणजे घर जपणाऱ्या त्याच सवयीने, तिचा अर्धा भाग विसरला गेल्यावर, घरातली माणसं मारली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परंपरेत शहाणपण असतं, पण ते पूर्ण पाळलं तर.

त्याच ढिगाऱ्यात अभियंत्यांना दुसरीही गोष्ट दिसली. जिथे लाकडाचा सांगाडा स्वतंत्र होता, म्हणजे माळवदाचा भार भिंतीवर न देता खांब-तुळयांवर दिलेला होता, तिथे भिंती पडूनही बऱ्याच जागी खणांचा सांगाडा उभा राहिला. लाकूड वाकतं, सांधे थोडे खेळतात, धक्का जिरतो. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात जुनी घरं बळकट करण्याच्या ज्या सूचना निघाल्या त्या यावरच आधारलेल्या होत्या. माळवदाची माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणी घाला, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी आधार द्या, छताच्या खाली भिंतीला सगळीकडून पट्टा बांधा. यातली प्रत्येक गोष्ट जुन्या वाड्याच्या रूपाला धक्का न लावता करता येते. पण किल्लारीच्या पहाटेने मराठवाड्याच्या मनात दगड-मातीबद्दल जी धास्ती बसवली ती या सूचनांपेक्षा वेगाने पसरली. सिमेंटचा स्लॅब म्हणजे जीव वाचला, असं समीकरण झालं. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. तिने पुष्कळ वाडे मात्र रिकामे केले.

रिकामे व्हायला सुरुवात त्याआधीच झाली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९४९ साली संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या, पुढे इनामंही गेली. हे व्हायलाच हवं होतं. कुळाच्या कष्टावर उभा राहिलेला वाडा आहे, हे विसरून त्याचं कौतुक करता येत नाही. पण वाड्याचा वर्षाचा खर्च ज्या उत्पन्नातून चाले ते आटलं. मुलं हैदराबाद, औरंगाबाद, पुण्याला गेली. एका मालकाचे चार वारस, चारांचे पंधरा, पंधरांचे साठ झाले. आता कुणी एक जण माळवदावर चढला तर बाकीच्यांना वाटतं हा कब्जा करतोय. म्हणून कुणीच चढत नाही.

त्यानंतर वाडा कसा खचतो याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. एका पावसाळ्यात माळवदाला भोक पडतं. पाणी तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते तिथे मुरतं. सागवान उघड्या हवेत शतकानुशतकं टिकतं, पण ओल्या मातीत दाबलेलं टोक कुजतं. तुळई खाली येते, खण बसतो, भिंतीचा माथा उघडा पडतो. पिंपळ-उंबराची फळं खाऊन पाखरं येतात, त्यांच्या विष्ठेतलं बी भेगेत रुजतं. मूळ ओलाव्याच्या शोधात भिंतीच्या पोटात उतरतं आणि जाड होत होत तिला फोडतं. पिंपळ तोडायला कुणी धजत नाही. मग शाबूत असलेले कोरीव खांब आणि चौकटी विकल्या जातात. जुन्या सागवानाला शहरात मोठी किंमत येते.

त्यापुढचे दोन घाव माणसाच्या हातचे. पहिला गुप्तधनाचा. गढी म्हटली की हंडा आलाच. रात्री येऊन बुरुजाचा पायथा खणतात आणि जे पेंढाऱ्यांना साधलं नाही ते कुदळीने साधतं. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा बडगा आहे. दुसरा घाव ट्रॅक्टरचा. पांढरी माती राखेची, शेणाची, म्हणून शेताला खत. गढीची आणि जुन्या गावठाणाची माती भरभरून रानात नेली जाते.

आणि तिच्याबरोबर काय जातं? इथून फार लांब नाही असं तेर गाव घ्या, धाराशिव जिल्ह्यातलं, प्राचीन काळचं तगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून सातवाहन काळातली खापरं, मणी, मातीच्या मूर्ती निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच गृहस्थांनी त्या जमवल्या म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी कमालीचं साम्य असलेली मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या शहरात. मराठवाड्यातलं एक गाव आणि भूमध्य समुद्र यांच्यातला धागा पांढऱ्या मातीत होता. लामतुरे नसते तर तो उसाच्या फडात विरघळला असता.

गढीतला खरा ऐवज बहुधा असाच असतो. मोडी आणि फारसी कागदांचे रुमाल, वसुलीचे हिशेब, भांडणांचे निवाडे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतच्या काळची पत्रं वाईतल्या एका वाड्यातल्या दप्तरातून आलेली. वाईशेजारी मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात दप्तर पिढ्यान् पिढ्या राहिलं आणि वाडाही. छप्पर टिकलं म्हणून कागद टिकला. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला ग्रंथ. सोळाव्या-सतराव्या शतकातलं कापड आज पाहायला मिळतं ते कुणीतरी ते घरात, कोरड्या जागी, देवासारखं सांभाळलं म्हणून.

मग पडका वाडा पुन्हा उभा राहू शकतो का? राहू शकतो, आणि बाकीच्या कुठल्याही वास्तूपेक्षा सोपेपणाने, कारण त्याचं सामान तिथेच पडलेलं असतं. मोठी उदाहरणं आपल्यासमोर आहेत. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. १८७९ साली त्याचा काही भाग जळाला, नंतर त्यात कचेऱ्या आल्या, आणि अलीकडे महापालिकेने त्याचे सुरूदार खांब आणि दर्शनी सज्जा जुन्या रीतीने दुरुस्त केले. नळदुर्गचा किल्ला राज्य सरकारने २०१४ साली संगोपनासाठी सोलापूरच्या एका कंपनीकडे सोपवला आणि तिथे पुन्हा माणसांची वर्दळ सुरू झाली. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, राज्य संरक्षित आहे; २०२४ मध्ये तिथल्या समाधी परिसरात काम करताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. वेरूळला भोसल्यांच्या गढीचे अवशेष जपले गेले. पण ही सगळी थोर नावांची ठिकाणं. केज तालुक्यातल्या गढीला जिजाऊंचं नाव नाही. महाराष्ट्रात केंद्राच्या संरक्षणाखाली २८६ स्मारकं आहेत, राज्याची यादी वेगळी, आणि बहुतेक गावगढ्या या दोन्हींच्या बाहेर आहेत. त्यांचं भवितव्य गावालाच ठरवावं लागेल.

त्यात पहिला धोका उत्साहाचा आहे. वर्गणी जमते, सिमेंट येतं, भिंतीला झकास प्लास्टर होतं. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडून देते. सिमेंटने तो मार्ग बंद केला की ओल आत साठते, क्षार प्लास्टरच्या मागे फुलतात, आणि वरून ठणठणीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. चार-सहा वर्षांत ढलपे सुटतात, मातीसकट. त्यापेक्षा चुना घ्या, नाहीतर मातीचाच गिलावा. चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो, तरी श्वास घेऊ देतो. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिथेच पुन्हा जमून ती चीर बुजवतो. आणि मातीच्या गिलाव्याला कमी लेखू नका. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याचा अभ्यास पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी केला. २०१६ साली त्यांनी दाखवून दिलं की त्यात भांगेच्या झाडाचा भुगा मिसळलेला आहे. त्या धाग्यांनी गिलावा बांधून धरला, ओल संभाळली, किडीला दूर ठेवलं. दीड हजार वर्षं.

दुसरी अडचण मालकीची, आणि तिथे थोडी नवी आशा दिसते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होऊन मिळकत पत्रिका तयार होतात. ज्या वाड्याच्या हद्दी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या त्यांचा नकाशा हाती येतो. साठ वारसांना एका कागदावर आणणं त्यामुळे सोपं होतं असं नाही, पण कशावर सह्या करायच्या हे तरी ठरतं. पैशाचं म्हणाल तर २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामासाठी जी दोन टक्के रक्कम काढायची असते, तिच्या यादीत ऐतिहासिक इमारतींचं जतन स्पष्टपणे आहे.

तरी माझं मत विचाराल तर मोठ्या आराखड्याची वाट पाहू नये. पहिल्या दोन वर्षांत एकच काम करावं, पाणी बाहेर काढावं. माळवदावरची जादा माती उतरवायची, झुकलेल्या तुळयांना टेकू द्यायचे, उघड्या माथ्यांवर तात्पुरते पत्रे घालायचे, पायथ्याशी साचणारं पाणी चर खणून दूर न्यायचं, पिंपळाची रोपटी बोटाएवढी असतानाच काढायची, प्रत्येक खणाचे फोटो आणि मापं घ्यायची. पडलेली एक मूठही माती गावाबाहेर जाऊ द्यायची नाही. हे सगळं गावातल्या हातांनी होतं. जुनं माळवद करणारे गवंडी आता साठी-सत्तरीचे आहेत. त्यांना मजुरी देऊन सोबत चार तरुण जोडले तर काम आणि विद्या दोन्ही हाती येतात.

आणि दुरुस्तीची माती कशी असावी हे ठरवायला प्रयोगशाळाही लागत नाही. युसूफ वडगावच्या शाळेतली मुलं हे वर्गात करू शकतील. भिंतीतून पडलेल्या मातीने काचेची बरणी तिसरा हिस्सा भरायची, वर पाणी ओतायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, झाकण लावून जोरात हलवायची आणि खिडकीत ठेवायची. मिनिटभरात वाळू तळाशी बसते. काही तासांत तिच्यावर पोयटा बसतो. चिकणमाती सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवसापर्यंत. मग पट्टी लावून तिन्ही थर मोजायचे. चिकणमाती १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असेल तर तीच माती भूस घालून तशीच मळायची. जास्त असेल तर ओढ्याची वाळू मिसळायची, कमी असेल तर थोडी चिकण बाहेरून आणायची. अडीचशे वर्षांपूर्वी गढी बांधणाऱ्याने जे प्रमाण बोटांनी चाचपून ठरवलं होतं, ते बरणीवर आकड्यांत लिहिलेलं मिळतं, आणि मृगाच्या आधी भिंत लिंपायला तेवढं पुरतं.